हिशेब हवाच, पण कधी?



‘वैद्यकीय संशोधनाच्या अनुदानाचे नियम सैल केले की पैसा गळणार’ असे मत मांडणारे पत्र वाचले. जनतेच्या पैशाचा हिशेब हवाच. वाद आहे तो कधी मागायचा याचा. तीन वर्षांनंतर लागणाऱ्या रसायनाचा भाव आज अर्जात लिहून घेणे म्हणजे काटकसर नव्हे, निव्वळ अंदाजपंचे!

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) १९९९ मध्ये वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतच्या प्रस्तावांसाठी बाबवार अंदाजपत्रक मागणे सोडले. रक्कम २५ हजारांच्या पटीत मागायची, बस्स. खर्चाची तपासणी तिथे बंद पडलेली नाही. आपल्याकडेही केंद्राने जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी दरपत्रकांविना थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपये केली. उशिरा का होईना, योग्य झाले. पण ही सवलत पैसे हाती आल्यानंतरची. अर्जातले अंदाजपत्रक तिने हलके होत नाही.

दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासांत तर असा आगाऊ अंदाज आणखीच अवघड. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा माता-पोषण अभ्यास १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झाला. गर्भातल्या पोषणाचा पुढच्या मधुमेहाशी संबंध शोधायचा, तर ती बाळे मोठी व्हावी लागतात. (३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते म्हणून कोणी वाढायचे थांबत नाही.)

म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) निदान छोट्या प्रस्तावांना तरी एकरकमी मागणीची मुभा द्यावी आणि बाबवार तपशील फक्त निवड झालेल्यांकडून घ्यावा.

– एक वाचक, एरंडवणे, पुणे