रबरच बरं!

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची! आणि 'बुश'ला मराठीत काय म्हणतात ते मला विचारू नका. मुलुंडच्या आमच्या गॅरेजवाल्या काकांना विचारलं, तर म्हणाले, "बुशला बुशच म्हणतात गं."

तर विषय आजोबांच्या 1989 च्या प्रीमियर पद्मिनीचा. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी फोटो टाकून हळहळ व्यक्त केली. आमची मात्र अजून चालते. फक्त मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, रबरी बुश पार चिरून गेले होते. मेकॅनिकलची मुलगी घरात असताना निर्णय कोण घेणार? मीच! मागच्या डिसेंबरात सबमिशन संपल्या संपल्या पॉलीयुरेथेनचे लालभडक बुश मागवले. तेलाने फुगत नाहीत, लवकर चिरत नाहीत, वळणावर गाडी डुलत नाही. कागदावर रबराचा पार धुव्वा.

पहिला आठवडा मी हवेत होते. मग खड्ड्यागणिक मागून कुईंऽऽ कुईंऽऽ सुरू झालं. आजोबा काही बोलले नाहीत. फक्त दर गुरुवारी घाटकोपरला आत्याआजीकडे जायचे ते रिक्षाने जायला लागले. त्यांच्या मणक्याचं दुखणं जुनं आहे. एलबीएस मार्गावर रिक्षा बरी वाटावी, यातच काय ते समजा.

मग मी पुस्तक उघडलं (व्हायव्हा नसताना!). रबरी बुशमध्ये रबर आतल्या दांड्याला आणि बाहेरच्या नळीला धरून राहतं. पाटा हलला की रबर स्वतः पिळ खातं आणि परत येतं. काही घासतच नाही. पॉली बुश मात्र दांड्यावर फिरतो, म्हणून त्याला ग्रीस लागतं. आपल्या पावसाळ्यात ते ग्रीस किती दिवस टिकणार? त्यात पॉलिएस्टर जातीचं पॉलीयुरेथेन ओलाव्याने हळूहळू खचतं, पॉलिइथरचं टिकतं. माझ्या पाकिटावर जातच लिहिलेली नव्हती.

कडकपणाचंही तसंच. बुशचं रबर शोअर ए मापावर साधारण 60 च्या आसपास, पॉली 80 ते 95. (मेसची पोळी कितीला येते, तेही एकदा मोजायला हवं.) चाकाखालचा दणका बुशने खाल्ला नाही, तर तो नाहीसा होत नाही, पुढे जातो. पद्मिनी म्हणजे मुळात 1960 च्या दशकातली फियाट 1100. वेगळी चासी नाही, सगळं पत्र्याच्या सांगाड्यावर. समुद्राच्या हवेत पस्तीस वर्षं काढलेल्या त्या पत्र्यावर वेल्ड केलेल्या ब्रॅकेटला हा दणका जातो. बुश काही शे रुपयांचा. ब्रॅकेट फाटलं तर काय करणार? आणि वळणावरची पकड मला हवी कशाला? 1089 सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, आणि पुढे भांडुपचा ट्रॅफिक!

पॉलीवाल्यांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करते. ही गाडी बनायची बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. दुकानात 'ओरिजिनल' म्हणून मिळणारं रबर पाकिटातच म्हातारं झालेलं असतं, आणि स्वस्तातलं नवीन वर्षभरात चिरतं. पण हा दोष वाईट रबराचा आहे, रबराचा नाही. मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन शनिवार घालवले. ज्या कुर्ल्यात ही गाडी बनली, तिथेच तिचे बुश शोधत फिरायचं! प्रत्येक बुश दाबून, वाकवून, बारीक चिरा बघून घेतला. सातवा दुकानदार माझ्यावर वैतागला, पण बुश त्याच्याकडेच चांगले मिळाले.

एक गोष्ट पुस्तकात सापडली नव्हती, ती काकांनी शिकवली. मी गाडी जॅकवर असतानाच नट आवळायला घेतले, तर ओरडले, "अगं, आधी चाकांवर उतरव!" हवेत पाटा लोंबकळलेला असतो. तिथे आवळलं, तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. नुसत्या एवढ्या चुकीमुळे कितीजण रबराला नावं ठेवत असतील!

गेल्या गुरुवारी आजोबांनी खुंटीवरची किल्ली घेतली आणि निघाले. लाल बुशचा सेट माझ्याकडे पडून आहे. कुणाची रॅलीची जिप्सी असेल आणि माप जुळत असेल, तर निम्म्या किमतीत देईन. ग्रीस तुमचं.