खोडलेली ओळ कोणी पाहावयाची?

अनेकांनी मिळून एकच मजकूर लिहावा, कोणीही तो दुरुस्त करावा, ही ‘विकी’ची कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली प्रत्यक्षात आणली. हवाई बेटांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘जलद’. तथापि २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाचे खरे बळ वेगात नाही. कोणी, केव्हा, काय खोडले याची नोंद तेथे राहते. चर्चच्या दृष्टीने मोलाची गोष्ट हीच होय.

पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये आरंभलेल्या सिनडने जगभरच्या कॅथलिक श्रद्धावंतांना बोलते केले. धर्मग्रामातील मते धर्मप्रांताकडे, तेथून राष्ट्रीय बिशप परिषदेकडे, पुढे खंडीय सभेकडे आणि अखेर रोमला गेली. प्रत्येक पायरीवर सारांश झाला. आणि सारांश म्हटला की काही गळणारच! (कचेरीतील टिपणे लिहिणाऱ्यांस हे सांगणे नलगे.) आपला मुद्दा नेमका कोठे गळला, हे तळच्या श्रद्धावंताला कळण्याची सोय या रचनेत नव्हती. शिखरावर मात्र निराळे घडले. २६ ऑक्टोबर २०२४ रोजी अंतिम दस्तऐवजाच्या प्रत्येक परिच्छेदावरील मतदान जाहीर झाले. स्त्रियांना डीकनपद देण्याचा प्रश्न खुला ठेवणाऱ्या परिच्छेदास २५८ अनुकूल व ९७ प्रतिकूल मते पडली. रोममध्ये मतभेद उघड करता येतो, तर धर्मग्रामात तो झाकून का ठेवावा?

धर्मसिद्धांत बहुमताने ठरत नाहीत, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु धर्मग्रामाचा जमाखर्च, शाळेचे धोरण, पॅरिश कौन्सिलचे इतिवृत्त हे काही धर्मसिद्धांत नव्हेत. विकीचा प्रयोग तेथून आरंभता येईल. मात्र खोडलेली ओळ सर्वांच्या दृष्टीस राहू देण्याची धर्मगुरूंची तयारी हवी.