सव्वा महिन्याची राखण आणि उसाचा फड

मराठवाड्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आजही टिकून आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि लेक माहेरी येते. बाळंत झाल्यावर सव्वा महिना तिने ओझे उचलायचे नाही, शेतात जायचे नाही, वेळेवर जेवायचे आणि बाळाजवळ राहायचे, असा घरचा दंडक असतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावून अंघोळ आणि शेजारी सतत एक जाणती स्त्री, असे या राखणीचे स्वरूप असते.

या रीतीला जुनाट म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. परंतु आधुनिक वैद्यकशास्त्रही प्रसूतीनंतरचे ४२ दिवस हा माता व बालकासाठी विशेष जपणुकीचा काळ मानते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे, असे देशभराचे वेळापत्रक आहे. त्यामागे महाराष्ट्राच्याच मातीत झालेले काम आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाच्या घरगुती सेवेचे शिक्षण दिले आणि तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. आजीचा सव्वा महिना आणि शास्त्राचे ४२ दिवस यांचा हिशेब असा जुळतो.

अर्थात जुने ते सर्वच ग्राह्य नाही. पहिला चीक पिळून टाकणे, नवजात बाळाला मध वा गूळपाणी चाटवणे, कोंदट खोलीत धुरी देणे, मूल मोठे होईल म्हणून गर्भवतीला अर्धपोटी ठेवणे या प्रथा घातकच आहेत आणि त्या सुशिक्षित घरांतूनही हद्दपार झालेल्या नाहीत. त्या टाकाव्यात, पण राखणीचे मूळ तत्त्व टाकू नये.

खरा प्रश्न पुढे आहे. ही राखण कोणाच्या वाट्याला येते?

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. त्याच घनसावंगीतून, तसेच अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची ती जोडीने. त्यामुळे पत्नी सात महिन्यांची गर्भार असली तरी तिला गावी ठेवणे परवडत नाही. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. पहाटेपूर्वी उठून स्वयंपाक, दिवसभर तोडणी, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत भरणे आणि रात्री पाचटाच्या कोपीत मुक्काम, असा क्रम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तेथे डोहाळजेवण नाही, माहेर नाही, ओळखीची आशाताई नाही. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत तान्हे मूल साडीच्या झोळीत बांधावर निजवून आई पुन्हा फडात उतरते. मोठी मुलगी शाळा सोडून त्या बाळाला सांभाळते. पुढे तिचेही लग्न लवकर लागते, कारण नवा कोयता तयार करायचा असतो.

संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. फडातील मातेला मात्र २६ दिवसही मिळत नाहीत. याच महाराष्ट्राने २०१८-२० या काळात मातामृत्यूचे प्रमाण लाखामागे ३३ पर्यंत खाली आणले, तेव्हा देशाचे ९७ होते. राज्याने हे साधले याचा अभिमान जरूर असावा. पण सरासरीच्या आकड्यात कोपीतली माता दिसत नाही.

शासनाच्या योजना नाहीत असेही नव्हे. २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, आहार आणि वाहन विनामूल्य आहे. मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. जालन्याच्या सीमेलगत सिंदखेड राजा येथे जन्मलेल्या जिजाऊंच्या नावाने २००५ मध्ये औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, माता-बाल पोषणाचे अभियान सुरू झाले. पुढच्या सात वर्षांत राज्यातील दोन वर्षांखालील मुलांमधील खुजेपणा एक तृतीयांशाहून अधिक घटला. मनापासून केले तर होते, याचा हा पुरावा आहे. अडचण एवढीच की योजना गावात राहते आणि माता फडावर असते.

म्हणून काम दसऱ्यापूर्वी सुरू झाले पाहिजे. प्रत्येक गावात स्थलांतर करणाऱ्या गर्भवती व स्तनदा मातांची यादी व्हावी. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्यासोबत जावे आणि ती ज्या कारखान्याच्या हद्दीत जाणार, तेथील आरोग्य केंद्राला आधी निरोप जावा. कारखान्यांनी तळावर पाळणाघर उभारावे. प्रसूतीच्या आधी व नंतर कापला जाणारा खाडा बंद करण्याचा आग्रह कारखाना संचालक आणि मुकादम दोघांकडे धरावा. ज्या घरात वडीलधारे आहेत, तेथे गर्भवती गावीच राहावी यासाठी गावाने चार महिन्यांच्या धान्याची सोय करावी. एका सप्ताहाच्या महाप्रसादाला जेवढे धान्य गोळा होते, त्याच्या अल्पशा भागात हे साधेल.

कार्यकर्त्यांना आणि मध्यमवर्गीय कुटुंबांना यात करण्यासारखे बरेच आहे. आपल्या सुनेच्या डोहाळजेवणाला पंगत उठते, तेव्हा वस्तीवरच्या एका गर्भवतीचीही ओटी भरावी आणि त्या ओटीत नारळासोबत एक जबाबदारी घालावी: तपासणीला सोबत जाण्याची, बाळंतपणानंतर विचारपूस करण्याची. पुरुषांनीही हे बायकांचे काम म्हणून बाजूला होऊ नये. माहेर ही चार भिंतींची जागा नसून जपणाऱ्या माणसांची आहे, असे समाज म्हणत आला आहे. ते खरे असेल, तर यंदाच्या हंगामात कोपीपर्यंत ते पोहोचले पाहिजे.