तार एकाची, निवड कोणाची?

महिन्याची पहिली तारीख. शाखेचे दार उघडण्यापूर्वीच निवृत्तिवेतनधारकांची रांग लागलेली असते. दहाच्या सुमारास रोखपालाच्या खिडकीतून ते परिचित वाक्य कानी पडते : "लिंक गेली आहे, थोडे थांबावे लागेल." ज्येष्ठ नागरिक सुस्कारा टाकून बाकावर टेकतात. शाखाधिकारी दूरध्वनी कंपनीकडे तक्रार नोंदवितात, तक्रार क्रमांक मिळतो आणि प्रतीक्षा सुरू होते. दुसऱ्या कंपनीची जोडणी का घेतली नाही, असा प्रश्न रांगेतील एखादा जाणकार ग्राहक विचारतो. प्रश्न रास्त असतो; उत्तर मात्र निरुत्तर करणारे असते. त्या गल्लीपर्यंत दुसऱ्या कोणत्याही कंपनीची तार आलेलीच नसते.

दूरसंचार क्षेत्रात भारताने स्पर्धेचे युग अनुभवले, हे सर्वमान्य आहे. १९९५ मध्ये मोबाइल सेवा सुरू झाली तेव्हा एका मिनिटाच्या संभाषणास कित्येक रुपये पडत आणि आलेल्या दूरध्वनीचेही पैसे मोजावे लागत. पुढील काळात स्पर्धेने हे दर सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. परंतु ही स्पर्धा प्रामुख्याने हवेतील लहरींवर झाली. घराच्या, दुकानाच्या वा शाखेच्या भिंतीपर्यंत येणाऱ्या तारेवर ती क्वचितच पोहोचली. ग्राहकाच्या दृष्टीने देशात किती कंपन्या आहेत याला फारसे महत्त्व नाही. त्याच्या दारापर्यंत किती कंपन्या येऊ शकतात, हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाची मुळे जुनी आहेत. १८८२ मध्ये मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांत दूरध्वनी केंद्रे सुरू झाली, ती खासगी कंपनीने. १९४३ मध्ये या महानगरांतील सेवा शासनाने आपल्याकडे घेतली. तेव्हापासून अर्धशतकाहून अधिक काळ दूरध्वनी म्हणजे शासकीय खाते, असेच समीकरण राहिले. १९८६ मध्ये मुंबई व दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले, तरी स्पर्धक नव्हताच. दूरध्वनीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहणारी आणि अखेर घरात काळे यंत्र आले म्हणून पेढे वाटणारी पिढी आजही निवृत्तिवेतनाच्या रांगेत उभी आहे. प्रतीक्षा हा शब्द तिला नवा नाही.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर प्रत्येक परिमंडळात शासकीय खात्यासमवेत एका खासगी कंपनीस स्थिर दूरध्वनी सेवेची मुभा मिळाली. १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच 'ट्राय', अस्तित्वात आले आणि १९९९ च्या नव्या धोरणाने स्पर्धेचे दार अधिक उघडले. तथापि दार उघडले म्हणून गर्दी झाली नाही. रस्ते खोदून घरोघरी तार नेण्याचा खर्च प्रचंड. त्या तुलनेत मोबाइलचा मनोरा उभारणे सोपे. साहजिकच खासगी भांडवल मोबाइलकडे वळले आणि जमिनीखालील तांब्याच्या तारांचे विस्तीर्ण जाळे पूर्वीप्रमाणेच एका हाती राहिले.

यात कोणाचा दुष्टावा होता, असे म्हणता येणार नाही. अर्थशास्त्रात नैसर्गिक मक्तेदारी ही संकल्पना सुपरिचित आहे. जेथे पायाभूत यंत्रणेचा खर्च अवाढव्य असतो आणि एकच यंत्रणा सर्वांस पुरेशी असते, तेथे दुसरी यंत्रणा उभारणे म्हणजे समाजाच्या संपत्तीचा अपव्यय ठरतो. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४८ मधील आपल्या ग्रंथात लंडनमधील गॅस व पाणी पुरविणाऱ्या कंपन्यांच्या संदर्भात हाच विचार मांडला होता. एका रस्त्यावर पाण्याच्या चार कंपन्यांच्या चार नळवाहिन्या टाकण्यात शहाणपण नाही, हे कोणासही पटेल. मात्र यातून एक उपप्रश्न उरतो. नळ एकच असला तरी त्यातून येणारी सेवाही एकाच विक्रेत्याकडून घेतली पाहिजे काय? तार आणि तारेवरील सेवा या दोन भिन्न गोष्टी आहेत. तारेची मक्तेदारी कदाचित अपरिहार्य असेल; सेवेची मक्तेदारी मात्र अपरिहार्य नाही.

हा भेद बँकिंग क्षेत्राने फार पूर्वी ओळखला. एके काळी ज्या बँकेचे एटीएम कार्ड, त्याच बँकेचे यंत्र शोधत ग्राहकास गावभर हिंडावे लागे. ऑगस्ट २००४ मध्ये हैदराबादच्या 'आयडीआरबीटी' या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेने 'नॅशनल फायनान्शियल स्विच' कार्यान्वित केले आणि निरनिराळ्या बँकांची यंत्रे एकमेकांशी जोडली जाऊ लागली. पुढे २००९ च्या अखेरीस ही यंत्रणा राष्ट्रीय देयक महामंडळाकडे आली. यंत्र एका बँकेचे, ग्राहक दुसऱ्या बँकेचा आणि तरीही पैसे हाती पडतात, यात आज कोणास नवल वाटत नाही. यामुळे बँकांमधील स्पर्धा संपली का? उलट ती वाढली. ज्या लहान बँकेस देशभर यंत्रे उभारणे अशक्य होते, तीही मोठ्या बँकेच्या बरोबरीने ग्राहकास देशभर सेवा देऊ लागली.

योगायोग असा की, त्याच वर्षी दूरसंचार क्षेत्रासमोर नेमका हाच पर्याय होता. एप्रिल २००४ मध्ये 'ट्राय'ने शासनास शिफारस केली होती की, ग्राहकापर्यंत जाणारी तांब्याची तार वाजवी भाडे घेऊन अन्य सेवादात्यांसही वापरू द्यावी. ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर झाले, तेव्हा ही सक्ती त्यात नव्हती. तारेचा वापर कसा व्हावा, हे कंपन्यांनी परस्पर व्यापारी कराराने ठरवावे, असे त्यात म्हटले होते. ज्याच्याकडे तार आहे त्याने ती प्रतिस्पर्ध्यास स्वेच्छेने द्यावी, ही अपेक्षा उदात्त असली तरी व्यापाराच्या रीतीस धरून नव्हती. दोन महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना. एका क्षेत्राने यंत्रणा सामायिक केली आणि स्पर्धा सेवेवर नेली. दुसऱ्या क्षेत्रात यंत्रणा ज्याची त्याच्याकडेच राहिली आणि स्थिर जोडणीतील निवड त्या तारेच्या टोकाशीच अडली.

परिणाम ग्राहकाच्या नित्य अनुभवातले आहेत. जानेवारी २०११ पासून मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येते. घरातील स्थिर दूरध्वनीच्या क्रमांकास मात्र ही मुभा नाही. वीस वर्षे व्यापारी पत्रव्यवहारात छापलेला क्रमांक सोडावयाचा की असमाधानकारक सेवा सोसावयाची, असा पेच लहान दुकानदारापुढे उभा राहतो. मोठ्या शहरांत जाहिरातफलकांवर अनेक कंपन्यांची नावे झळकतात. पण एखाद्या गृहसंकुलात चौकशी केली तर उत्तर मिळते की, येथे अमुक एकाचीच जोडणी मिळेल. विकासकाने अथवा व्यवस्थापक समितीने एकाच सेवादात्याशी करार केलेला असतो आणि जिन्यातील नलिकेत दुसऱ्याची तार शिरू शकत नाही. महानगरातील त्या सदनिकाधारकाची अवस्था दूरच्या खेड्यातील ग्राहकाहून वेगळी राहत नाही.

तारेची एवढी चिंता कशासाठी, बिनतारी सेवा आहेच की, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी सेवा सुरू झाल्यापासून बिनतारी मार्गानेही घरात वेगवान इंटरनेट येऊ लागले आहे. परंतु ही सेवा देणाऱ्या कंपन्या कोणत्या? एके काळी डझनभर असलेल्या मोबाइल कंपन्यांपैकी आज तीन खासगी कंपन्या व शासकीय सेवा एवढ्याच उरल्या आहेत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने आपले दर वाढविले. त्यांची कारणे सबळ असू शकतील. नव्या तंत्रज्ञानात गुंतविलेले भांडवल वसूल व्हावयास हवे आणि तोट्यातील कंपनी ग्राहकाच्याही हिताची नसते. तथापि जेव्हा सर्व दुकाने एकाच आठवड्यात भाव वाढवितात, तेव्हा ग्राहकाने जावे कोठे? उपग्रहाद्वारे इंटरनेट देऊ इच्छिणाऱ्या स्टारलिंककडे अनेकांनी आशेने पाहिले. त्या सेवेच्या भारतातील वितरणासाठी मार्च २०२५ मध्ये करार झाले, ते एअरटेल व जिओ या दोन मोठ्या कंपन्यांशीच. नवा मार्ग निघाला तरी नाक्यावर उभे राहणारे तेच असतील, तर निवडीचा प्रश्न सुटत नाही.

यंत्रणा सामायिक करण्याचे धडे दूरसंचार क्षेत्रास अपरिचित आहेत, असेही नाही. २००७ मध्ये भारती, व्होडाफोन व आयडिया या परस्परांच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन 'इंडस टॉवर्स' ही मनोऱ्यांची कंपनी स्थापन केली. मनोरा सामायिक, ग्राहक मात्र ज्याचा त्याचा. ब्रिटनमध्ये २००६ मध्ये 'ओपनरीच' हा स्वतंत्र विभाग निर्माण करून दूरध्वनीच्या तारा सर्व सेवादात्यांस समान अटींवर देण्याची व्यवस्था झाली. जे मनोऱ्यास साधले, ते तारेस का साधू नये?

यावर गुंतवणूकदाराचा प्रश्न न्याय्य आहे. स्वतःच्या पैशाने टाकलेली तार दुसऱ्यास द्यावयाची असेल, तर तार टाकावी कोणी? एटीएमच्या व्यवस्थेत या प्रश्नाचे उत्तर आहे आणि एक इशाराही आहे. दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाने यंत्र वापरले की यंत्रधारक बँकेस ठरावीक शुल्क मिळते. आर्थिक व्यवहारामागील हे शुल्क ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरावरून सतरा रुपये आणि मे २०२५ मध्ये एकोणीस रुपये झाले, कारण यंत्र चालविण्याचा खर्च भागत नसल्याची बँकांची तक्रार होती. भाडे अपुरे ठेवल्यास नवी यंत्रणा उभी राहत नाही. अवाजवी ठेवल्यास सामायिकतेस अर्थ उरत नाही. हा तोल सांभाळणे कठीण आहे, पण त्यासाठीच नियामक असतो. ज्या नियामकाने मोबाइल कंपन्यांमधील परस्परजोडणीचे शुल्क अनेक वर्षे ठरविले, त्यास तारेचे भाडे ठरविणे अशक्य नाही.

सुदैवाने पावले पडत आहेत. इमारतींमधील अशा एकाधिकारी करारांस आळा घालावा, अशी शिफारस 'ट्राय'ने जानेवारी २०१७ मध्ये केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना त्यांच्या डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम आले. ग्रामीण भागात २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट या नावाने परिचित झालेल्या प्रकल्पाने ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंचे जाळे नेले आणि २०२३ मध्ये त्याच्या सुधारित कार्यक्रमास सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. जनतेच्या पैशातून निर्माण झालेल्या या जाळ्याची खरी कसोटी किती किलोमीटर तार टाकली, ही नसून तिच्यावरून किती सेवादाते गावकऱ्याच्या दारी येऊ शकले, ही असावयास हवी.

ग्राहकाच्याही हाती काही गोष्टी आहेत. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वाहनतळावर तासभर वाद होतो; त्यातील दहा मिनिटे या विषयास देता येतील. कोणत्याही सेवादात्याशी एकाधिकाराचा करार करू नये, इमारतीतील नलिका संस्थेच्या मालकीची ठेवावी आणि समान भाडे देणाऱ्या प्रत्येकास ती खुली करावी, एवढा साधा ठराव पुरेसा आहे. नवी सदनिका घेताना पाणी व वीज यांप्रमाणेच, येथे किती कंपन्यांची जोडणी मिळेल, हेही विचारावे. रस्त्याचे काँक्रीटीकरण करणाऱ्या नगरपालिकेने एकदाच रिकामी नलिका टाकून ठेवली, तर पुढील वीस वर्षांचे खोदकाम वाचेल आणि नव्या कंपनीचा प्रवेशही सुकर होईल.

बँकेत येणाऱ्या ग्राहकास सेवा असमाधानकारक वाटली, तर तो रस्ता ओलांडून दुसऱ्या बँकेत जाऊ शकतो. ही जाणीव प्रत्येक खिडकीमागील कर्मचाऱ्यास सकाळपासून सायंकाळपर्यंत असते आणि तीच त्यास तत्पर ठेवते. जिन्यातील तारेच्या मालकास ही जाणीव कधी झालेली नाही. ती होईल, तेव्हा तक्रार क्रमांक देऊन थांबण्याची सवय सुटेल आणि पहिल्या तारखेस बाकावर टेकलेल्या ज्येष्ठांना त्यांचे निवृत्तिवेतन वेळेवर हाती पडेल.