‘असूनहि’चें औदार्य

एखाद्या पुस्तकाच्या परीक्षणांत ‘लेखक मेंढपाळ असूनहि’ असे शब्द आले कीं आमच्या कपाळाला आठी पडते. लिहिणाऱ्यास त्यांत औदार्य वाटतें. आम्हांस उद्धटपणा दिसतो. या एका ‘असूनहि’नें जेम्स हॉग या स्कॉटिश ग्रंथकाराची केवढी हानि केली, तें पाहण्यासारखें आहे.

हॉगचा जन्म १७७० सालचा. शाळा म्हणावी तर सारी मिळून जेमतेम सहा महिने. लहानपणापासून त्यानें दुसऱ्यांचीं गुरें-मेंढरें राखलीं. लेडलॉ नांवाच्या शेतकऱ्याकडे तर तो दहा वर्षें मेंढपाळ होता. वाचनाची खरी गोडी त्याला लागली ती त्याच घरचीं पुस्तकें मागून आणून. १८१३ त ‘द क्वीन्स वेक’ या काव्यानें तो नांवारूपास आला. मग एडिंबरोच्या शिष्टांनीं काय करावें? ‘ब्लॅकवुड्स’ मासिकांतील संवादमालेंत त्याला ‘मेंढपाळ’ याच नांवानें आणून बसविलें. पात्र बडबडें, खादाड, मद्यप्रिय आणि गांवढळ बोलीचें. वाचक पोट धरून हंसले. १८२४ त धर्मवेडानें खून करणाऱ्या तरुणाची कबुली सांगणारी त्याची कादंबरी निनांवी निघाली. आज ती इंग्रजींतील थोर कादंबऱ्यांत गणतात. पण पुढें सेंट्सबरीसारख्या मातबर टीकाकारानेंहि तींत लॉकहार्टचा हात असावा असा तर्क केला. पुराव्याची गरज नव्हती. मेंढपाळाचें डोकें एवढें चालणार कसें, हाच पुरावा! (सेंट्सबरी आम्हीं जन्मभर वर्गांत शिकविला, म्हणून हें लिहितांना थोडी लाजहि वाटते.) अखेर १९४७ त आंद्रे जीदनें प्रस्तावना लिहिली, तेव्हां कोठें पंडितांचे डोळे उघडूं लागले.

परदेशची गोष्ट म्हणून ही सोडून द्यावी, तर घरचा मासला निराळा नाहीं. आमच्या परभणीचे बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांनीं हैदराबाद संस्थानाच्या बांधकाम खात्यांत कारकुनी केली. ‘कारकून असूनहि कवि’ असें त्यांना कोणी म्हणतो काय? मुळींच नाहीं; कारण टीकाकार आणि कारकून एकाच पंक्तीला जेवणारे. याच जिल्ह्यांतील गंगाखेडच्या जनाबाईचें नांव काढा, कीं जातें आणि गोवऱ्या पुढें, अभंग मागें.

धनगरांचें तर विचारूंच नये. परभणी-हिंगोलीकडे हटकर धनगरांची वस्ती मोठी. पण त्यांच्या धंद्याचें जिणें आम्ही वाचतों तें माणदेशच्या ‘बनगरवाडी’ंत (१९५५), एका शाळामास्तराच्या नजरेनें. पुस्तक उत्तम आहे, माडगूळकरांकडे दोष नाहीं. दोष आमचा, कीं तेवढें वाचून आम्हीं विषय मिटविला. पुस्तकाविना रात्ररात्र ओव्या चालविणारा धनगर आमच्या लेखीं कवि नव्हे, ‘लोकसाहित्याचा नमुना’! त्याच्या ओव्या सोंथायमर या जर्मन पंडितानें जमवाव्या, आणि आम्हीं त्या पंडिताची विद्वत्ता वाखाणावी.

उद्यां एखाद्या वाड्यावरचा कारभारी आपली कादंबरी घेऊन आला, तर परीक्षकानें आधीं ती शेवटपर्यंत वाचावी. मेंढरें किती राखलीं, तें मागाहून विचारावें.