पोस्टाची पावती गणिताच्या तासाला न्या

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, स्पीड पोस्टाच्या पावतीचं तुम्ही काय करता? फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकता आणि कागद फेकून देता, होय ना? माझं म्हणणं आहे, ती पावती सातवी-आठवीच्या वर्गात न्या.

पावतीवरचा नंबर १३ चिन्हांचा. आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी ‘आयएन’ म्हणजे इंडिया. हा नमुना जागतिक टपाल संघाचा, त्यामुळे परदेशातही वाचता येतो. खरी गंमत नवव्या अंकात. तो आधीच्या आठांवर पहारा ठेवतो. त्या आठ अंकांना ओळीने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची, ११ ने भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची. (उत्तर १० आलं तर ० लिहितात, ११ आलं तर ५.) समजा अंक आहेत १२३४५६७८. बेरीज २०४, बाकी ६, म्हणून नववा अंक ५. आता पोरांना पहिले दोन अंक उलटे लिहायला सांगा. बेरीज २०६, उत्तर ३. चूक सापडली! ‘भागाकारातल्या बाकीचा उपयोग काय?’ हा प्रश्न त्या दिवशी तरी कुणी विचारणार नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. ट्रॅकिंग म्हणजे पार्सल आत्ता कुठे आहे ते नव्हे, शेवटचं कुठे स्कॅन झालं ते. बुकिंगला, थैलीत भरताना, थैली उघडताना, पोस्टमनकडे देताना नोंद होते. मधल्या प्रवासात थैली बंद असते, म्हणून दोन दिवस काहीच हलत नाही असं वाटतं.

पिनकोडही इथेच शिकवा. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतपंडित अधिकाऱ्याने तो आखला, १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. बीडचा ४३११२२, पण आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीचा ४१४२०३. पहिले तीन अंक अहिल्यानगरकडचे! टपालाची वाट जिल्ह्याची हद्द पाळत नाही. नकाशा समोर ठेवून हे का, ते पोरांनाच सांगू द्या.

एवढा आटापिटा कशाला? आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातं. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. एटीएम कार्ड, आधारचं प्लॅस्टिक कार्ड पोस्टानेच येतं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. कुलूप दिसलं, कुणी चौकशी केली नाही, तर पाकीट काही दिवसांनी परत जातं. आणि त्याच मोबाईलवर खोटा मेसेज येतो: ‘पत्ता अपुरा आहे, लिंक उघडा, थोडे पैसे भरा.’ घरात तो वाचणारं एकटं सातवीतलं पोरगं असतं. भामटा खरा नंबरही टाकू शकतो, म्हणून नुसतं गणित पुरत नाही. लिंक न उघडता नंबर पोस्टाच्या साईटवर स्वतः टाकायचा, नाहीतर गावातल्या पोस्टात जाऊन विचारायचं. ही सवय वर्गातच लागेल.

जुन्या पावत्या गोळा करा. फक्त फळ्यावर नंबर लिहिण्याआधी नाव, पत्ता आणि मोबाईल नंबरावर कागद चिकटवायला विसरू नका.