धावा, पण ‘मूल वाचेल का?’ असं विचारू नका

थंडी पडली की नागपूरकर धावायला लागतात. पहाटे साडेपाचला अंबाझरीच्या बाजूला किंवा सेमिनरी हिल्सच्या चढावर गेलात, तर कानटोप्या घालून पळणारे घोळके दिसतील. त्यांतले काही जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला जातात. २००४ पासून सुरू असलेल्या या शर्यतीत स्वयंसेवी संस्थांसाठी निधी जमवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. टी-शर्टवर संस्थेचं नाव, आणि त्यासाठी मित्र, मावश्या, ऑफिसातले लोक अशा सगळ्यांकडे केलेली मागणी.

ओळखीतल्या एका तरुणीने गेल्या वर्षी ठरवलं, की आपण बऱ्या न होणाऱ्या मुलांच्या देखभालीसाठी धावायचं. शेजारच्या एका गृहस्थांकडे ती गेली. भले माणूस, दरवर्षी कुठे ना कुठे देतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘मूल वाचणार आहे का?’’ ती म्हणाली, ‘‘नाही काका, बहुतेक नाही.’’ त्यावर ते म्हणाले, ‘‘मग जे वाचेल त्याला द्यावे ना पैसे!’’

या गृहस्थांना निर्दयी म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. आपण सगळेच मनात असा हिशेब करतो. शस्त्रक्रिया झालेल्या, हसणाऱ्या मुलाचा फोटो फलकावर लावता येतो. शेवटचे तीन महिने कमी दुखलं, रात्री झोप लागली, ताईच्या लग्नात दोन तास बसता आलं, याचा फोटो कुठे लावणार? देणगीदाराला दाखवायला ‘यश’ नाही, म्हणून या कामाला पैसे मिळत नाहीत.

पण हिशेबच करायचा तर पुरा करू. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २५ लाख मुलं गंभीर यातना सोसत मरण पावतात आणि त्यांतली ९८ टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. श्रीमंत देशांतही मुलं मरतात. तिथे त्यांचं दुखणं थांबवलं जातं. मुलांसाठीचं पहिलं हॉस्पिस १९८२ मध्ये ऑक्सफर्डला उभं राहिलं, त्याचं नाव हेलन हाऊस. ब्रिटनमधली अशी हॉस्पिस आजही मोठ्या प्रमाणात लोकांच्या देणग्यांवर चालतात, आणि त्यांच्यासाठी धावणारे दरवर्षी लंडन मॅरेथॉनमध्ये असतात. आपल्याकडे पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालं. खास मुलांसाठी मुंबईत ‘हॅपी फीट होम’ निघायला २०१४ उजाडलं.

हॉस्पिस म्हटलं की लोकांना ‘मरायची जागा’ आठवते. ते चूक आहे, मुलांच्या बाबतीत तर फारच. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं, धाप, उलट्या, भीती आणि आईबापांची फरफट यांच्यावरचा उपचार. तो मूळ आजाराच्या उपचाराबरोबरच सुरू करायचा असतो, ‘आता काही राहिलं नाही’ म्हटल्यावर नव्हे. विदर्भात हे सांगायला लांब जावं लागत नाही. इथे सिकलसेल घरोघर माहीत आहे. त्या मुलाची हाडं दुखायला लागली की ते रात्रभर ओरडतं. ते मूल पुढे कित्येक वर्षं जगणार असतं, आणि तरी त्या रात्री त्याला वेदनाशमनाचं शास्त्र नीट येणारा माणूस हवा असतो.

हे शास्त्र महाग नाही, ही यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मुलांच्या दीर्घकाळच्या दुखण्यासाठी दोनच पायऱ्या सांगितल्या: सौम्य वेदनेला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, त्याहून जास्त वेदनेला मॉर्फिनसारखं औषध. तोंडाने द्यायचं मॉर्फिन स्वस्त असतं. वजनावर मात्रा ठरते, साधारण दर चार तासांनी द्यावं लागतं, बद्धकोष्ठता होते म्हणून सोबत रेचक लागतं. व्यसनाची भीती घरचे घालतात, कधी डॉक्टरही. पण दुखण्यासाठी देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने मूल व्यसनी होईल ही धास्ती अवाजवी आहे. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. शेजारच्या मध्य प्रदेशात नीमचला सरकारी अफू कारखाना आहे. परवान्यांच्या जाळ्यात अडकलेला कायदा २०१४ मध्ये सुटसुटीत केला गेला. तरी जिल्ह्याच्या गावात मॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर शोधावा लागतो.

आता नागपूरचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. इथलं मेडिकल, मिहानमधलं एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं कॅन्सर इन्स्टिट्यूट, इथे गोंदिया, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाटहून मुलं येतात. उपचार थकले की गाडी पकडून परत जातात. गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटर, भामरागड त्याच्या साधारण दुप्पट. त्या घरात रात्री दोन वाजता मूल कळवळलं तर आईने फोन कुणाला करायचा? म्हणून माझं मत असं, की या भागात पहिली गरज देखण्या इमारतीची नाही. गरज आहे प्रशिक्षित नर्सची, एका समुपदेशकाची, गाडीच्या पेट्रोलची, उचलला जाणाऱ्या फोनची आणि तालुक्याच्या दवाखान्यात मॉर्फिनची. महाराष्ट्रात २०१० मध्ये ब्रिटिश मदतीने मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा प्रकल्प झाला, त्यात जव्हारसारखं आदिवासी ठिकाणही होतं. म्हणजे हे काम फक्त मोठ्या शहरातच होतं असं नाही. मात्र प्रकल्पाच्या पैशाला मुदत असते, नर्सचा पगार दर महिन्याला लागतो.

मॅरेथॉनच्या पैशाची अडचण नेमकी इथे आहे. तो जानेवारीत एकरकमी येतो आणि देणाऱ्याला पाटी लावता येईल अशा वस्तूकडे ओढला जातो. रुग्णवाहिका मिळते, चालकाचा पगार मिळत नाही. आयोजकांनी आणि धावणाऱ्यांनी ‘पगारासाठी द्या’ असं उघड म्हणायला हवं. आणि आणखी एक, कृपा करून आजारी मुलाला मंचावर आणून पदकं वाटायला लावू नका. त्याच्या फोटोशिवाय देणगी मिळत नसेल तर ती कमी मिळू द्या.

ती तरुणी यंदाही धावते आहे. एकरकमी मागणं तिने सोडलं. महिन्याला पाचशे रुपये, तीन वर्षं, एवढंच मागते. अकरा जण तयार झाले आहेत. शेजारचे काका अजून विचार करताहेत, पण परवा त्यांनी मॉर्फिनची बाटली केवढ्याला येते ते विचारलं.